प्युरिफायर थांबेल, आधी गिझर बघा

(डोंबिवलीहून आलेलं हे पत्र थोडी काटछाट करून देते आहे.)

"ताई, आम्ही तिसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहतो. मी, मिस्टर, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलाला दिवाळीनंतर खोकला लागतो तो होळीपर्यंत हटत नाही. रात्री जास्त. डॉक्टरांनी ॲलर्जी सांगून पंप सुरू केलाय. शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, त्यामुळे पुढच्या खिडक्या आम्ही उघडतच नाही. मागे किचनच्या बाजूला कबुतरं, म्हणून तीही बंद. खिडक्या बंद म्हणून थंडीतसुद्धा बेडरूमला एसी लागतो. सासूबाई सकाळी दोन उदबत्त्या आणि संध्याकाळी धूप कप लावतात, रात्री हॉलमध्ये कॉइल. काही बोललं की 'आमची पोरं याच धुरात वाढली' म्हणतात. सकाळी गॅस गिझर लावून मुलाला अंघोळ घालताना माझंच डोकं चढतं (बाथरूमच्या खिडकीला थंडीसाठी पुठ्ठा लावलाय), पण ते बहुतेक माझं बीपी असेल. आता मिस्टर हॉलसाठी सोळा हजारांचा एअर प्युरिफायर घ्यायचं म्हणतायत. जाऊबाई म्हणतात, स्नेक प्लांटच्या सहा कुंड्या ठेवा, नासाने सांगितलंय. काय करू? आणि सासूबाईंना कसं सांगू?"

नमस्कार.

तुम्ही प्युरिफायरचं विचारलंत, झाडांचं विचारलंत, धुपाचं विचारलंत. आणि ज्याचं विचारायला हवं होतं ते कंसात टाकून पुढे निघून गेलात. तो पुठ्ठा काढा. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल, आधी उठून पुठ्ठा काढा.

गॅस जळायला हवा लागते. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये दार-खिडकी बंद असली की ती बघता बघता कमी पडते, मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर आपल्याला कळतं, कारण त्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, ना त्याने ठसका लागत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. पाय गेले की कडीपर्यंत हात पोचत नाही. दर थंडीत 'बाथरूममध्ये बेशुद्धावस्थेत आढळले' अशा बातम्या वाचतो ना आपण, त्यातल्या कित्येक याच्याच असतात. बीपी जरूर तपासा. पण बाथरूममध्ये चढणारं आणि बाहेर आल्यावर उतरणारं डोकं असेल तर पहिला संशय गिझरवर घ्यायचा.

गिझर ड्राय बाल्कनीत हलवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. तोवर बादली भरायची, गिझर बंद करायचा, दार थोडा वेळ सताड उघडं ठेवायचं, मगच मुलाला आत न्यायचं. गिझर चालू ठेवून आत कुणीही थांबायचं नाही. ज्योत निळी हवी. पिवळी लपलपताना दिसली तर त्या दिवशी पाणी शेगडीवर तापवा आणि मेकॅनिकला बोलवा.

आता खोकला. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पंप डॉक्टरांनी सांगितला तसाच चालू ठेवायचा. घरातली हवा सुधारली म्हणून तो आपल्या मनाने बंद करायचा नाही. मी अठ्ठावीस वर्षं कारखान्यांमध्ये एक्झॉस्ट आणि ब्लोअर बसवायचं काम केलं. त्या कामात एक खोड लागते. कुठेही गेलं की आधी धूर कुठून निघतोय ते बघायचं, मग तो बाहेर जायची वाट बघायची आणि फिल्टरचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. तुमच्या मिस्टरांनी नेमकी शेवटून सुरुवात केलीय. त्यात त्यांचा दोष नाही, जाहिराती तशाच असतात.

तुमच्या घरात निघणाऱ्या धुरात पहिला नंबर कॉइलचा. २००३ साली कॉइलच्या धुरावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगरेटींइतके बारीक कण बाहेर पडतात, असा त्यात हिशोब होता. बारीक म्हणजे अडीच मायक्रॉनहून लहान, ज्यांना पीएम २.५ म्हणतात ते. आपला केस पन्नास-साठ मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. उदबत्तीचंही फार वेगळं नाही: एक ग्रॅम सिगरेट जळली तर साधारण १० मिलिग्रॅम कण निघतात, एक ग्रॅम उदबत्ती जळली तर ४५ मिलिग्रॅमच्या वर. उदबत्ती आपण सिगरेटसारखी ओढत नाही हे खरं, पण खिडक्या बंद असलेल्या घरात तो धूर जाणार कुठे?

बांधकामाच्या धुळीचा तुम्हाला राग येतो, कारण ती दिसते. टीव्हीवर बोट फिरवलं की रेघ उमटते. पण ती बरीचशी जाड धूळ, काही तासांत खाली बसणारी. कॉइलचा धूर रात्रभर तरंगत राहतो आणि दिसतही नाही. जाड धूळ अडवायला म्हणून खिडक्या लावल्या आणि बारीक धूर आत कोंडला, असं तुमच्या घरात झालंय. धुळीसाठी घरात एवढंच करा: फुलझाडूने झाडायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. कोरडा झाडू धूळ काढतो त्याच्या दुप्पट उडवतो, आणि ती उडते नेमकी सहा वर्षांच्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर. आणि सोसायटीतर्फे बिल्डरला लेखी पत्र द्या. हिरवं कापड, पत्रे आणि पाणी मारणं हे नियमात आहे, ते काही उपकार करत नाहीत.

आता किचनकडे चला, कारण माझ्या मते तुमच्या घराची किल्ली तिथे आहे. एक्झॉस्ट फॅन चालू करा. टिश्यू पेपरचा एक पदर घ्या, नसेल तर वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा, आणि फॅनच्या जाळीसमोर धरा. कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे. नुसता फडफडला किंवा तुमच्याकडेच ढकलला गेला, तर फॅन आवाज करतोय आणि काम करत नाही. तुम्ही कबुतरांचं लिहिलंय म्हणून मला दाट शंका आहे की बाहेरच्या झडपांमध्ये काटक्यांचं घरटं असेल. माझ्या बहिणीच्या फॅनमधून आम्ही अर्धी पिशवी काटक्या, दोन अंडी आणि तारेचा एक तुकडा काढला होता. वर्षभर ती म्हणत होती, फोडणीला ठसका फार लागतो, मिरच्या तिखट आल्यात.

घरटं आणि विष्ठा काढताना मात्र घाई नको. कबुतरांची वाळलेली विष्ठा खरवडली की तिची पूड हवेत जाते, आणि त्यातून काहींना फुप्फुसाचा एक चिवट आजार होतो, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. २०२५ साली मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा जो गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हेच होतं. भूतदयेच्या त्या वादात मी पडत नाही. पण ज्या घरात पंप घेणारं मूल आहे, त्या घराच्या खिडकीत कबुतरांची वस्ती नको, एवढं ठामपणे म्हणते. आधी पाणी शिंपडून सगळं भिजवायचं, एन-९५ मास्क लावायचा, ओलं ओलंच काढायचं, आणि त्या वेळी मुलाला शाळेत किंवा शेजारी पाठवायचं. मग किचनच्या बाजूला कबुतरजाळी ठोकून घ्या. ही जाळी लागली की तुमची मागची खिडकी उघडते. प्युरिफायरच्या पैशांतले पहिले पैसे इथे जाऊ द्या.

फॅन सुरू करायचा तो फोडणीच्या आधी. धूर झाल्यावर नाही. आणि गॅस बंद केल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं चालू द्यायचा. शेगडीच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड हा छातीला त्रास देणारा वायू निघतो, नुसता चहा केला तरी. फॅन हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी, म्हणून समोरची एखादी खिडकी चार बोटं उघडी ठेवा. सगळं घर बंद करून एक्झॉस्ट लावणं म्हणजे झाकण घट्ट लावलेल्या बाटलीतून स्ट्रॉने ओढणं.

इथे माझी फजिती सांगते. एवढी वर्षं दुसऱ्यांचे ब्लोअर बसवले आणि स्वतःच्या घरी चिमणी घेताना दुकानदाराच्या बोलण्याला भुलले. 'मॅडम, पाइप काढायची कटकट नाही, कोळशाचा फिल्टर आहे.' पाइप नाही म्हणजे धूर बाहेर जात नाही, हे मी कारखान्यात दहा जणांना समजावलं असेन. ती चिमणी थोडं तेल धरायची आणि बाकीची गरम हवा माझ्याच कपाळावर परत सोडायची. आठ महिन्यांनी भिंत फोडून पाइप काढला. चिमणी घेणार असाल तर पाइपवाली घ्या, नाहीतर बारा इंची साधा एक्झॉस्टच बरा.

खिडक्या कधी उघडायच्या? थंडीत पहाटे हवा स्वच्छ असते हा आपला भ्रम आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि रात्रभराचा धूर तिथेच साचून राहतो. ऊन चढलं की ती हलते. म्हणून तुमच्यासाठी दुपार बरी. पण दुपारी शेजारी काम चालू असणार, तेव्हा मागची खिडकी दुपारभर उघडी ठेवा आणि पुढची फक्त कामगार जेवायला बसतात त्या तासाला. रविवारी काम बंद असेल तर दोन्हीकडून वारा खेळू द्या. बाहेरच्या हवेचा अंदाज घ्यायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप फोनवर घ्या. एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, २०० च्या वर असेल त्या दिवशी अर्ध्या तासावर भागवा. आणि एमआयडीसीकडून वास येतो त्या रात्री सगळं बंद. ज्या गावात २०२० साली रसायनांनी रस्ता गुलाबी झाला होता, तिथल्या माणसांना हे मी काय सांगणार.

बेडरूमचा प्रश्न आणखी वेगळा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतो असं पुष्कळांना वाटतं. आणत नाही, आतलीच गार करून फिरवत राहतो. दहा बाय अकराच्या खोलीत दार लावून तिघं झोपलात की दोन-तीन तासांत कार्बन डायऑक्साइड २,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दोन हजार भाग) पुढे सहज जातो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. ते विष नाही, पण सकाळी उठल्यावर डोकं जड आणि झोप झालीच नाही असं वाटतं, त्याचं हे एक कारण. उपाय अगदी गावठी आहे: दाराला वीतभर फट ठेवा. एसीचं बिल थोडं वाढेल, वाढू दे. मात्र दाराबाहेर हॉलमध्ये कॉइल जळत असेल तर या फटीतून आत काय येईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून आधी कॉइल.

डासांसाठी मच्छरदाणी. सासूबाईंच्या दिवाणाला एक, तुमच्या बेडला एक. हल्ली छत्रीसारख्या उघडणाऱ्या मिळतात, खिळे ठोकावे लागत नाहीत. खिडक्यांना वेल्क्रोची जाळी लावून घेतलीत की खिडकी उघडायची भीतीही गेली. 'धूर नसलेली' कॉइल मिळते, तिच्या नादी लागू नका, तीही जळतेच. लिक्विडचं मशीन लावायचंच झालं तर संध्याकाळी मूल खोलीत नसताना लावा आणि झोपताना बंद करा.

जाऊबाईंच्या झाडांचं थोडक्यात सांगते. नासाचा तो प्रयोग १९८९ चा आहे आणि खोटा नाही, पण तो हवाबंद पेटीत केलेला होता. आपलं घर पेटी नाही, फटींतून हवा येत-जात असते. २०१९ साली असे बरेच प्रयोग एकत्र तपासून दोन संशोधकांनी गणित मांडलं: फटींतून आणि खिडक्यांतून जेवढी हवा आपोआप बदलते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. तुमची बेडरूम दहा चौरस मीटरची धरली तर कमीत कमी शंभर कुंड्या. मग झोपायला गॅलरीत जावं लागेल. दिसायला छान म्हणून दोन ठेवा, जाऊबाईंचं मनही राहील. फक्त माती सतत ओली ठेवू नका, बुरशी धरते. पावसाळ्यात तुमच्या भिंतीला ओल येते की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. येत असेल आणि काळे ठिपके पडत असतील तर मुलाचा बेड त्या भिंतीपासून लांब घ्या आणि गळती कुठून आहे ते शोधा. नुसता वरून रंग मारला तर बुरशी पुढच्या पावसात परत येते.

आणि प्युरिफायर? घेऊ नका असं मी म्हणणार नाही. शेजारी बांधकाम, पुढे रस्ता आणि घरात खोकणारं मूल, तेव्हा त्याचा उपयोग होईल. पण महिनाभर कॉइल बंद, धूप बाहेर आणि एक्झॉस्ट चालू करून बघा. त्यानंतर घ्यावासा वाटला तर हॉलसाठी नको, मुलगा आठ-दहा तास झोपतो त्या बेडरूमसाठी घ्या. हेपा फिल्टर हवा, म्हणजे बारीक कण अडवणारा. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा देतो तो. तुमच्या खोलीत साधारण २८ घनमीटर हवा मावते, ती तासाला पाच वेळा गाळली जावी म्हणजे १४० लागतात. दीडशे-दोनशेचं छोटं मशीन पुरेल, त्याला सोळा हजार मोजायची गरज नाही. आयोनायझर किंवा ओझोनवालं अजिबात नको, ओझोन दमेकऱ्याच्या छातीला त्रासच देतो. दुकानात मशीनच्या आधी फिल्टरची किंमत विचारा, कारण तो ठरावीक महिन्यांनी बदलावा लागतो आणि न बदललेला प्युरिफायर हा नुसता महागडा पंखा असतो. आणि हे मिस्टरांना नक्की सांगा: गिझरचा कार्बन मोनॉक्साइड आणि तिघांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड हेपा काढत नाही. एमआयडीसीचा वासही नाही, त्याला कोळशाचा जाड थर लागतो.

राहिल्या सासूबाई. 'आमची पोरं याच धुरात वाढली' हे त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. माझं आजोळ कोकणातलं. संध्याकाळी आजी निखाऱ्यावर ऊद घालून धुपाटणं घरभर फिरवायची. माजघरात एवढा धूर व्हायचा की देव दिसायचे नाहीत. पण मान वर केली की दिसायचं, धूर कौलांच्या फटींतून बारीक बारीक रेघांनी वर निघून चाललाय. भिंत वाशांपर्यंत पोचलेलीच नसायची, पडवी उघडी, मागचं दार उघडं. (चुलीचा धूर मात्र आजीला भोवला. ती म्हातारपणी खोकतच असायची आणि आम्ही त्याला वय म्हणायचो.) तुमच्या स्लॅबला फट नाही आणि स्लायडिंगला रबर आहे. हे त्यांना याच शब्दांत सांगा. त्यांचं काही चुकलं असं ते होत नाही, आणि खरंही तेच आहे.

दुसरं असं की तुम्ही सांगू नका, डॉक्टरांना सांगू द्या. पुढच्या वेळी मुलाला दाखवायला जाताना सासूबाईंना बरोबर घ्या आणि त्यांच्यासमोर विचारा, 'डॉक्टर, कॉइल आणि धूप चालेल का?' सुनेने सांगितलेलं टोमण्यासारखं लागतं, नातवाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य होतं. आणि पथ्य पाळण्यात त्या पिढीचा हात कुणी धरणार नाही. देवाजवळ तुपाचं निरांजन आणि फूल राहू दे. उदबत्ती एकच, गॅलरीत तुळशीपाशी. धूप कप सणावाराला, मुलगा खाली खेळायला गेलेला असताना, किचनच्या एक्झॉस्टखाली. मच्छरदाण्या खोचायचं काम मात्र त्यांच्याकडे द्या. नातवाला डास चावू नये म्हणूनच तर त्या कॉइल लावत होत्या. आणि त्या स्वतः हॉलमध्ये झोपतात, म्हणजे इतके दिवस सगळ्यात जास्त धूर त्यांच्याच छातीत गेलाय. हे त्यांना एकट्या असताना हळूच सांगा, मिस्टरांसमोर नको.

महिनाभर एक साधी वही ठेवा: रात्री मुलगा किती वेळा खोकून उठला, त्या दिवशी घरात काय जळलं. तीच वही डॉक्टरांना दाखवा. आणि फॅनसमोर धरलेला कागद चिकटला की फडफडला, तेवढं मला कळवा.